ऑपरेशनच्या फायलीतला कागद

"बाई, जरा काट्यावर उभ्या राहा."

साहेब माझ्याकडे बघून म्हणाले. तालुक्याच्या मीटिंगचा हॉल. खाली सतरंजीवर आम्ही सगळ्या अंगणवाडी सेविका. टेबलामागे नवे प्रकल्प अधिकारी, शेजारी आमच्या सुपरवायझर मॅडम. कोपऱ्यात गरोदर बायांचं वजन करायचा काटा.

मला वाटलं, काटा बरोबर दाखवतो का ते बघायचं असेल. उठले. चप्पल काढली. उभी राहिले.

"मोठ्याने वाचा."

मी वाचलं नाही. मॅडम वाकल्या आणि त्यांनी वाचलं. "एकशे अकरा."

साहेब खुर्चीत मागे रेलले. "बघा. आपला जिल्हा पेपरात येतो कुपोषणासाठी. आणि सेविका एकशे अकरा किलो. पोरांचा आहार कुठे जातो याची वेगळी चौकशी करायला नको."

हॉल हसला. आधी पुढच्या रांगेतल्या हसल्या. मग मागच्या. शेजारच्या पाड्याची सेविका, जिच्यासोबत मी बारा वर्षं जीपमध्ये मांडीला मांडी लावून आले-गेले, तीही हसली. मॅडम तोंडाला रुमाल लावून हसल्या.

उतरताना मी डाव्या पायाची चप्पल उजव्या पायात घातली. त्यावर पुन्हा हसले.

मी काही बोलले नाही. हसण्यापेक्षा मला तेच जास्त लागतं.

माझं माहेर नवापूरकडच्या डोंगरातलं. सासर दुसऱ्या तालुक्यात. कोणत्या, ते लिहीत नाही. आई गुजरातला ऊसतोडीला जायची. मी लहानपणी काडी होते. दुसऱ्या बाळंतपणानंतर अंग सुजायला लागलं. सूज आहे म्हणत म्हणत दोन वर्षं गेली. मग कळलं, थायरॉईड. मग साखर. मग गुडघे. भाकरी, उडदाची डाळ, मिळेल ती भाजी. माझ्या घरात जे शिजतं तेच मी खाते, नवऱ्यापेक्षा एक भाकरी कमी. हे कुणाला सांगायची सोय नाही. मी तोंड उघडलं की लोक माझ्या पोटाकडे बघतात.

आदिवासी बाई जाड असली की लोकांना राग येतो. ती त्यांच्या फोटोत बसत नाही. माझ्या बरगड्या दिसल्या असत्या तर याच साहेबांनी शेजारी उभं राहून फोटो काढून घेतला असता.

मीटिंग संपल्यावर मी एसटी स्टँडवर येऊन बाकावर बसले आणि रडले. तेवढ्यात मॅडम आल्या. शेजारी बसल्या. माझा हात हातात घेतला.

"अवं बाई, कसाले रडी ऱ्हायनी? मी शे ना."

मॅडम तापीकाठच्या. शहाद्याकडे त्यांची केळी, ऊस, पिढ्यान्पिढ्यांची जमीन. ऑफिसात त्या पुस्तकातली मराठी बोलत. माझ्याशी मात्र अहिराणीत. मला त्याचं फार अप्रूप होतं. "मले मॅडम म्हनू नको, ताई म्हन," असं त्यांनी पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. कामानिमित्त त्यांच्या घरी गेले की ओट्यावर बसायचे. चहा ओट्यावरच यायचा. आत कधी गेले नाही. तेव्हा त्यात काही वाटलं नव्हतं.

बाकावर बसूनच त्यांनी मला ऑपरेशनचं सांगितलं. पोट लहान करतात. सुरतेला त्यांच्या ओळखीचं हॉस्पिटल आहे. नात्यातल्या एकीचं तिथेच झालं, अर्धी झाली ती. सरकारी योजनेत बसवून देऊ. "तू फक्त हो म्हन. बाकीनं मी देखस."

मी हो म्हटलं. का म्हणणार नाही? माझ्याकडे तीन पाडे आहेत. वरच्या पाड्यावर चढताना मी चार वेळा थांबते. लेकरांसोबत खाली बसले की उठताना भिंत धरावी लागते. रक्तातली साखर गोळ्यांनी खाली येत नव्हती. चाळिशीही आली नाही आणि मी म्हातारीसारखी पायऱ्या मोजत होते. कुणीतरी म्हणत होतं, हे सगळं जाईल.

सुरतेला आम्ही दोघीच गेलो. डॉक्टर दहा मिनिटं बोलले. त्यांनी कागदावर पोट काढलं, त्यावर रेघ मारली. एवढा भाग कापून टाकायचा. उरलेलं पोट केळ्याएवढं. "एकदम सोपं आहे. तिसऱ्या दिवशी घरी." मी विचारलं, काही धोका? ते हसले. "रस्त्यावरून चालतानाही धोका असतोच ना?"

मग सह्या. कागद इंग्रजीत, काही गुजरातीत. मॅडम बोट ठेवत होत्या. इथे. इथे. आणि इथे. मध्ये एक कोरा कागद आला. मी थांबले.

"हाऊ रजाना अर्ज शे. मी लिखी लिसू. तू खाले सही कर."

मी दहावी पास आहे. रजिस्टर भरते, मोबाइलवर माहिती भरते, गावातल्या बायांना सांगते, न वाचता अंगठा देऊ नका. आणि मी कोऱ्या कागदावर सही केली. ताईंनी सांगितलं म्हणून.

पुढच्याच आठवड्यात मॅडम म्हणाल्या, तू सुट्टीवर गेली तर कुणाला तरी काम माहीत पाहिजे, मदतनीस एकटीला जमणार नाही. आमच्या गावात मॅडमच्या नात्यातल्यांचं किराणा दुकान आहे. त्यांची सून बारावी झालेली. ती अंगणवाडीत यायला लागली. मी तिला चहा पाजला. वजनं कशी नोंदवायची, आहार कसा मोजून द्यायचा, सगळं शिकवलं. पोरगी हुशार होती. लवकर शिकली.

घरी नवरा ऐकून घ्यायचा. तो सेंट्रिंगच्या कामावर जातो, कमी बोलतो. एकदा भाकरी थापत होते तेव्हा म्हणाला, "तू जाड आहेस याचा मला काही त्रास नाही. तू चढावर थांबतेस तेव्हा मला भीती वाटते. पण पोट कापायचं म्हणजे मला त्याहून जास्त भीती वाटते."

"मग काय करू?"

"कुणाला तरी विचार. तुझ्याकडून ज्याला काही नको असेल, अशा कुणाला तरी."

माहेराकडे एक डॉक्टरबाई आहेत. म्हाताऱ्या, आता घरीच पेशंट बघतात. माझी दोन्ही लेकरं त्यांच्या हातची. त्यांनी फोनवर सांगितलं, सगळे रिपोर्ट घेऊन ये. फाइल मॅडमकडे होती. मी मागितली तेव्हा त्या म्हणाल्या, "कसाले पाहिजे?" मी म्हटलं, नवऱ्याला दाखवायची आहे. पहिल्यांदाच त्यांच्याशी खोटं बोलले. शहाद्याच्या स्टँडवर त्यांची बस सुटत होती. त्यांनी पिशवीतून प्लास्टिकची फाइल काढली, खिडकीतून माझ्या हातात दिली.

डॉक्टरबाईंनी चष्मा पुसला आणि एकेक कागद वाचायला घेतला. वाचता वाचता मला विचारत होत्या. दुर्बीण घालून पोट तपासलं का? नाही. झोपेत श्वास अडकतो का, ते बघितलं का? नाही. ऑपरेशननंतर काय खायचं, किती खायचं, कुणी समजावलं? नाही. जन्मभर जीवनसत्त्वाच्या गोळ्या घ्याव्या लागतील, दरवर्षी रक्त तपासावं लागेल, सांगितलं? नाही.

"ऐक," त्या म्हणाल्या. "ऑपरेशन खोटं नाही. तुझ्यासारख्या बाईची साखर त्याने पुष्कळ खाली येऊ शकते. गुडघ्यांवरचा भार जाईल. दम कमी लागेल. मी बघितलेत असे पेशंट. पण जिथे कापून शिवतात तिथून गळतीही होऊ शकते. रक्तस्राव होऊ शकतो. पायात रक्ताची गाठ होऊन ती फुप्फुसात जाऊ शकते. फार जणांना होत नाही. ज्याला होतं त्याच्या जिवावर बेतू शकतं. आणि सगळं नीट झालं तरी काही वर्षांनी वजन परत चढू शकतं. हे सगळं माहीत असून हो म्हणणार असशील तर म्हण."

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या शरीराबद्दल माझ्याशी बोलत होतं. न हसता. आणि न चुचकारता.

मग त्या थांबल्या. एक कागद बाजूला काढला.

"याचं इथे काय काम?"

टाइप केलेला कागद. 'मी खाली सही करणार, प्रकृतीच्या कारणास्तव अंगणवाडी सेविका या पदाचा स्वेच्छेने राजीनामा देत आहे. यासाठी माझ्यावर कोणाचाही दबाव नाही.' खाली माझी सही. झेरॉक्स नव्हती. निळी शाई. तारखेची जागा कोरी.

मी तो तीनदा वाचला. प्रत्येक वेळी शेवटी माझीच सही येत होती.

दुसऱ्या दिवशी मॅडमच्या घरी गेले. ओट्यावर बसले नाही. उभी राहिले. कागद दाखवला.

मॅडम आधी हसल्या. मग हात पुढे केला. "तो कागद आठे दे."

"नाही."

एवढा एकच शब्द. बारा वर्षांत मी त्यांना तो कधी म्हटला नव्हता. त्यांचा हात तसाच राहिला.

"अवं, मी तुन्हा भलासाठेच करं. साहेबले बी मीच सांगं, तिले जरा काटावर उभी करा. लाज वाटी त वजन उतरी, आशे वाटनं मले. तुले आते झेपत नही. डोंगर चढाले दम लागस तुले. ती पोर शिकेल शे, तिले करू दे. आनि ऑपरेशनमा काही कमीजास्त व्हयनं त जागा तशी बी..."

त्या तिथे थांबल्या. मी त्यांचं वाक्य मनात पुरं केलं. जागा तशीही रिकामी होणार. म्हणून तारीख कोरी. मी ऑपरेशनच्या टेबलावर पडलेली असताना भरायची, नाहीतर मी जगातून गेल्यावर.

काटाही त्यांचाच होता. मग बाकावर धरलेला हात. मग अहिराणी. मी त्या माणसाला ताई म्हणत होते. त्यांच्या नात्यातल्या सुनेला माझ्याच हाताने माझं काम शिकवत होते. मला राग आधी स्वतःचा आला. घाटातून जीप वर चढत होती आणि मी स्वतःलाच शिव्या देत होते. वर पोचेपर्यंत तो राग मी त्यांच्याकडे वळवला. फसवलेल्या बाईने स्वतःला शिव्या द्यायच्या आणि फसवणारीने ओट्यावर चहा प्यायचा, हे मला मान्य नव्हतं.

पुढच्या मीटिंगला गेले. तोच हॉल, तीच सतरंजी. साहेबांनी विषय वाचायला सुरुवात केली तेव्हा मी उभी राहिले आणि तो कागद मोठ्याने वाचला. सहीसकट. कुणी, कुठे, कशी घेतली, तेही सांगितलं.

साहेब म्हणाले, "बाई, हा मीटिंगचा विषय नाही."

"मागच्या वेळी माझं वजन मीटिंगचा विषय होतं, साहेब. आज ही सही आहे."

कुणी हसलं नाही.

"आणि आहाराचं म्हणत होता तुम्ही. आज चला माझ्या गावात. पोतं मोजा. रजिस्टर बघा. पोरांना काट्यावर घाला. एक दाणा कमी निघाला तर मी स्वतः राजीनामा लिहून देते. हाताने, तारीख घालून."

ते आले नाहीत. म्हणाले, लेखी तक्रार द्या. मी लिहूनच आणली होती. शिक्का मारलेली पोच घेतली.

बाहेर शेजारच्या पाड्याची ती सेविका माझ्याजवळ आली. हळूच म्हणाली, मॅडमनी माझीही एका कोऱ्या कागदावर सही घेतली आहे, गेल्या वर्षी. मी म्हटलं, मग माझ्या तक्रारीखाली नाव घाल. ती म्हणाली, नको गं, माझी नोकरी जाईल. आणि जीपमध्ये माझ्यापासून लांबच्या सीटवर बसली.

चौकशी चालू आहे, असं सांगतात. मॅडम त्याच खुर्चीत आहेत. 'गैरसमज झाला' असं त्यांनी लिहून दिलंय. दुकानदाराच्या सुनेने रस्त्यात माझ्याकडे बघणं बंद केलं आहे.

ऑपरेशनचा विचार मात्र मी सोडला नाही. सोडून दिला असता तर तोही निर्णय मॅडमनीच घेतल्यासारखा झाला असता. आठ महिने विचार केला. डॉक्टरबाईंनी दुसरीकडे पाठवलं. तिथे मला चार वेळा बोलावलं. दुर्बीण झाली, झोपेची तपासणी झाली. नवऱ्याला समोर बसवून मराठीत सगळं सांगितलं. न कळलेलं मी परत विचारलं, त्यांनी परत सांगितलं. काही रात्री वाटायचं, नको, लेकरं लहान आहेत. सकाळी चढावर थांबले की वाटायचं, असं थांबत थांबत तरी लेकरांना किती वर्षं पुरणार? दोन्ही भीती खऱ्या होत्या. मी त्यातली एक निवडली.

पुढच्या महिन्यात ऑपरेशन आहे. काहीही होऊ शकतं, मला माहीत आहे. साहेब हसले म्हणून मी जात नाही. मला वरचा पाडा न थांबता चढायचा आहे.

काल रजेचा अर्ज स्वतःच्या हाताने लिहिला. जाण्याची तारीख घातली, परत कामावर येण्याची तारीखही घातली. साहेबांनी वाचला. मॅडम शेजारीच बसल्या होत्या. साहेब म्हणाले, "एवढी मोठी सुट्टी? तुमच्या जागी कुणीतरी बघावं लागेल."

"मदतनीस सांभाळेल. तिला सगळं येतं. आणि मी परत येणार आहे." मी मॅडमकडे बघून म्हणाले. "आले आणि माझ्या जागी दुसरी बसलेली दिसली, तर टाक्यांच्या पोटाने तुमच्या दारात येऊन बसेन. उठणार नाही."