फिलोमिनाबाईंचा हात

रंगाच्या कारखान्यातली जमीन कधी मूळच्या रंगाची राहत नाही. आज थोडं सांडतं, उद्या त्यावर दुसरं सांडतं. आमच्या कामणच्या छोट्या कारखान्यातले किस्सेही असेच एकावर एक चढलेत. खरवडायला बसलं, की बहुतेकांखाली फिलोमिनाबाई निघतात.

नव्वदच्या दशकात मी तिथे केमिस्ट होतो. बाई वटारहून यायच्या, डब्यांवर लेबलं चिकटवायला.

* * *

एकदा लेबलं संपली, म्हणून बाई लॅबमध्ये येऊन बसल्या. "सर, रंगात असतं तरी काय?"

मी सांगितलं, रंग देणारी पावडर, तिला धरून ठेवणारं रेझिन आणि पातळ करायला टर्पेंटाइन.

"म्हणजे पीठ, तेल, पाणी. आणि मीठ?"

मी कपाटातली छोटी बाटली दाखवली. "ड्रायर. अगदी थोडा घालतो, पण त्याच्याशिवाय रंग लवकर वाळत नाही."

पुढच्याच आठवड्यात मी शेठना सांगून बाईंना लॅबमध्ये मागून घेतलं.

* * *

आमच्या काळ्या ऑइलपेंटनं एका शाळेचं गेट रंगवलं. चार दिवस झाले तरी चिकट. पोरांचे युनिफॉर्म काळे झाले. शेठ माझ्यावर उखडले. मी रजिस्टर दाखवलं: टेस्टच्या दिवशी रंग व्यवस्थित वाळला होता.

बाई गोडाऊनमध्ये गेल्या. त्याच रंगाचा सहा महिने पडलेला डबा आणि एक ताजा डबा घेऊन आल्या. दोन पट्ट्या रंगवल्या. ताजी वाळली, जुनी वाळेना.

"सर, ही काळी पावडर मीठ खाते. डब्यात पडल्या पडल्या खाते."

मी पुस्तक उघडलं. काळी पावडर ड्रायर शोषून घेते, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. आम्ही ड्रायर वाढवून गेट पुन्हा रंगवून दिलं. शाळेनं खुश होऊन बाकांचं कामही दिलं.

* * *

एव्हरशाईन सिटीतल्या एका सोसायटीला ग्रिलसाठी विड्याच्या पानाचा हिरवा हवा होता. माझे चार नमुने नापास झाले. बाईंनी वाडीतलं ताजं पान आणून पाचवा जुळवला. सेक्रेटरी म्हणाले, "पिवळट वाटतो."

बाई स्वतः गेल्या. सोसायटीच्या ऑफिसात ट्यूबलाइट होती. त्यांनी सेक्रेटरींना उन्हात गच्चीवर नेलं, रंगवलेल्या पत्र्यावर पान ठेवलं आणि म्हणाल्या, "आता पान कुठंय ते सांगा."

सेक्रेटरींनी हात फिरवून शोधलं.

* * *

मग एका मोठ्या बिल्डरचे परचेस ऑफिसर आले. अख्ख्या कॉम्प्लेक्सच्या दारांची ऑर्डर होती. त्यांनी लेबल काढलेले पांढऱ्या रंगाचे दोन डबे टेबलावर ठेवले.

"पहिला तुमचा. दुसरा भिवंडीच्या एका व्यापाऱ्याचा. दुसरा खालचं किती छान झाकतो बघा. असा देता येईल तुम्हाला?"

शेठचा चेहरा उतरला. बाईंनी दोन्ही रंग ब्रशनं कार्डावर ओढले, बोटांत चोळले, वास घेतला.

"साहेब, दोन्ही आमचेच."

ऑफिसर हसले. तिथूनच व्यापाऱ्याला फोन लावला. बोलता बोलता त्यांचं हसू गेलं. व्यापारी आमच्याकडून ड्रमनं माल उचलून स्वतःच्या डब्यांत भरत होता.

त्यांनी फोन ठेवला. "पण बाई, दोन्ही तुमचे, तर मग एवढा फरक कसा?"

बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं.

"पहिला सरांनी बनवलाय," त्या म्हणाल्या, "दुसरा मी."