नवा भात

बोईसरहून चिंचणीला मी ज्यांच्या रिक्षाने जातो, ते काका वारली आहेत. बंदरासाठी उभारलेल्या भिंतीपाशी ते रोज गाणं बंद करायचे आणि पायातली चप्पल काढायचे, कारण त्यांचा गावदेव भिंतीच्या आत अडकला होता. मागे बसलेले कामगार हसायचे, "चाचा, नंगे पाँव ब्रेक लगेगा क्या?"

"तुमी उतरा, मंग बघा लागतो का नाय," काका म्हणायचे.

गावदेवाला दाखवल्याशिवाय नवा भात तोंडात घालायचा नाही, ही त्यांची रीत. भिंत उठल्यापासून काका दुकानातला तांदूळ खात होते. यंदा ते पळसाच्या पानावर भात घेऊन गेटवर गेले. पहारेकरी म्हणाला, "अंदर कोई पत्थर नहीं बचा, चाचा. सब समतल कर दिया."

देव उखडला की माणूस उखडायला वेळ लागत नाही, असं बंदराविरोधातलं पत्रक मी लिहिलं आणि स्टँडवर त्यांना द्यायला गेलो. काका जेवायला बसत होते. पत्रक त्यांनी डब्याखाली अंथरलं.

"खा," डबा माझ्यापुढे सरकवत ते म्हणाले. "नवाच भात हाय. आता कोनाला इचारायचं रायलं नाय."