तिनं खोडलेली माफी

समुद्रपूरच्या तहसीलसमोर बसणारा मी अर्जनवीस. लोकांचे अर्ज, प्रतिज्ञापत्रं, जमिनीचे दस्त लिहून द्यायचे, चाळीस वर्षं हेच केलं. माझ्या हातचा अर्ज साहेब परत करत नाही असं लोक म्हणतात, अन् ते खरं आहे. कोणत्या साहेबापुढं किती वाकायचं, हे मला तोंडपाठ.

मुलगी संगणकाचे प्रोग्राम लिहिते. क्रिप्टो म्हणजे ते संगणकावरचं चलन. ते ज्याचं त्याला स्वतःच्याच मोबाइलमध्ये सांभाळता यावं, असा एक प्रोग्राम तिनं लिहिला अन् इंटरनेटवर सगळ्यांसाठी फुकट ठेवला. कोणीही वाचा, कोणीही वापरा. तिच्या हातातून कोणाचा छदामही जात नाही. तर मागच्या वर्षी कुण्या भामट्यानं तो वापरून लोकांना गंडवलं. भामटा पळाला अन् नोटीस आली आमच्या घरी! लोकांच्या पैशाचा व्यवहार करता, मग नोंदणी का केली नाही, असं नागपूरच्या एका कार्यालयानं विचारलं होतं. समक्ष येऊन खुलासा द्या, नाही तर गुन्हा दाखल होईल.

गुन्हा म्हटल्यावर मी घाबरलोच. पण खुलासा लिहिणं तर माझंच काम. "तू काई टेन्शन घेऊ नको," मी तिला म्हटलं, अन् एका बैठकीत लिहून काढला. झकास उतरला होता. शेवटी सवयीनं लिहिलं, 'अजाणतेपणी झालेल्या चुकीबद्दल माफी असावी. पुन्हा असे होणार नाही.' रेशनकार्डाचा असो की फेरफाराचा, माझा अर्ज असाच संपतो. त्याशिवाय मला तो अर्धवट वाटतो.

तिनं वाचलं अन् पेन घेऊन ती दोन्ही वाक्यं खोडली.

"काऊन खोडलं व?" मी भडकलो. "साहेबाले वाकलेलं बरं वाटते!"

"पण कोणती चूक, बाबा? हे लिहिलं म्हणजे मी गुन्हा कबूल केला."

अरे बाप्पा! पोटच्या पोरीला मी गुन्हेगार करून देत होतो, अन् तेही सुवाच्य अक्षरात. तरी लगेच हार मानेन तो मी कसला. दुसरं एखादं नरम वाक्य टाकून पाहू, म्हटलं.

"तुम्ही दस्त लिहिता नं?" ती म्हणाली. "उद्या कोणी दुसऱ्याचं वावर आपलं म्हणून विकलं, तं ते तुम्ही विकलं का? तुम्ही फक्त लिहिलं. मीबी लिहिलंच. बोलायचा, लिहायचा हक्क घटनेनं देल्ला आहे. त्याच्यासाठी माफी काऊन मागू?"

माझ्याच धंद्यातलं उदाहरण माझ्याच तोंडावर मारलं पठ्ठीनं. राग आला, अन् छाती फुगली तीही तेव्हाच. खुलासा मी नव्यानं लिहिला, माफीशिवाय, अन् तो घेऊन आम्ही दोघं नागपूरला गेलो.

नागपूरचे साहेब तसे भले माणूस. सगळं शांतपणे वाचलं. म्हणाले, "व्यवहार तुम्ही करत नाही, हे पटतं मला. पण कटकट कशाला? तो प्रोग्राम इंटरनेटवरून काढून टाका, आत्ता फाईल बंद करतो." अन् माझ्याकडं वळले. "काका, तुम्ही समजवा हिला."

अशा वेळी काय म्हणायचं ते माझ्या जिभेवर कायमचं बसलेलं. 'हो साहेब' म्हणायचं अन् घरी यायचं. मी तिच्याकडं पाहिलं. ती खाली बघत होती.

"साहेब," मी म्हटलं, "त्या भामट्याले पकडा. पोरगी लागेल ते मदत करन. पण तिनं लिहिलेलं ती काढणार नाई."

साहेबांनी खुलाशावर शिक्का मारून एक प्रत आमच्या हातात दिली. "वर पाठवतो. काय होईल सांगता येत नाही." ती फाईल अजून उघडीच आहे. प्रोग्रामही जागेवर आहे.

बाहेर फाटकाजवळ आल्यावर ती एकदम रडायला लागली.

"बाबा, मले वाटलं तुम्ही हो म्हणता."

"मलेबी तेच वाटलं होतं," मी म्हटलं.