हमीदभाईंचं नाक

हमीदभाईंनी स्वतः शिजवलेलं कधी चाखून पाहिलं नाही. लग्नाच्या भाताची हंड्याएवढी डेग चुलीवर चढली की ते एका बोटानं झाकणाची कड उचलायचे, वाफेवर नाक धरायचे आणि सांगायचे, "आलं कच्चं हाय अजून. पाच मिनिटं." एकदा मी म्हटलं, अहो, चाखा की जरा! तर केवढे रागावले. "वैनी, जिभेले लाच चालते. जरा गोड लावलं का खूश. नाक लाच खात नाही."

ते जाऊन आता वर्ष होत आलं, आणि अकोल्यातल्या आमच्या गल्लीत त्यांच्याइतकं मला कुणी रागावत नाही.

तरुणपणी ते मलेशियातल्या लंकावी बेटावर एका हॉटेलात अकरा वर्षं स्वयंपाकी होते. म्हणून मुलानं आम्हा दोघांची लंकावीची तिकिटं काढली तेव्हा, तिथं खायचं काय, हे विचारायला मी त्यांच्याकडेच गेले.

"सकाळी नासी लमाक," ते म्हणाले. "नारळाच्या दुधातला भात, संग मिरचीची चटनी, तळलेली बारीक मच्छी, शेंगदाने. केळीच्या पानात बांधलेला घ्या, प्लेटीतला नोको. दुपारी लाक्सा. मच्छीचा आंबट रस्सा अन् शेवया. खाताना नाक गळलं पायजे, नाही तं पैसे वापस मांगा."

"आणि आमचे हे? ते मासळी खात नाहीत."

"मंग भाऊसायब काहून चालले तिकडं? घरीच वरनभात खा म्हना!" मग स्वतःच नरमले. "रोटी चनाई खाऊ घाला त्याईले. पापुद्र्याची रोटी, संग वरनच असते."

मी हसत उठले, तर त्यांनी खुणेनं बसवलं. आत त्यांची मुलगी रुखसाना भांडी घासत होती. तिच्या दिशेनं एकदा बघून ते हळू बोलले, "माह्यासाठी एक चीज आना. बलाचान. झिंग्याची वडी असते. बेटावरचा सगळ्यात खराब वास तिचा. पहिल्या दिवशी मी उलटी केली होती."

"मग ती कशाला हवी?"

"वैनी, कोरोनापासून मले वास येत नाही. कशाचाच नाही. रुखसानाले सांगू नोका."

मागच्या दोन लग्नांत भात खाली लागला होता आणि यांनी लाकडांना शिव्या घातल्या होत्या. मीसुद्धा त्यांच्या बाजूनं भांडले होते!

"पुढच्या महिन्यात वलगावले माह्या भावाच्या पोरीचं लग्न हाय," ते म्हणाले. "भाऊ मरताना हात धरून बोलला होता, तिची डेग तूच उतरव. त्या वडीचा जरासा वास आला तं मी जातो. नाही आला तं झारा खाली ठेवतो. तिच्या लग्नात जळका भात नाही वाढनार मी."

बेटावर आमचे हे चार दिवस रोटी-वरणावर राहिले. मी मात्र सांगितलेलं सगळं खाल्लं. लाक्सा खाताना नाक खरंच गळलं. बाजारात मी बलाचानची वडी विकत घेत होते, तेव्हा हे दुकानाबाहेर पळाले. तिथंच मी ताडाच्या गुळाची ढेपही घेतली, पुरणात घालून बघू म्हणून. वडी आणि ढेप, दोन्ही काळपट तपकिरी आणि साबणाएवढ्या. वासानं साड्यांची वाट लागेल या भीतीनं मी दोन्ही कागदात, मग तीन-तीन पिशव्यांत गुंडाळल्या आणि एकसारख्या स्टीलच्या डब्यांत बंद केल्या. नको तिथं शहाणपणा, दुसरं काय!

आल्या दिवशीच डबा घेऊन गेले. हमीदभाई आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून बसले होते. रुखसानाही दारात उभी होती. शेवटची पिशवी सुटली आणि खोलीत गुळाचा मंद, गोड वास पसरला. चुकीचा डबा! मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनी ढेप नाकाशी नेली, डोळे मिटले आणि एकदम मान झटकली.

"अरे बाप रे! तोच वास! बंद करा, घर नासलं!"

मी रुखसानाकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मग ओढणी नाकाला लावून म्हणाली, "व्हय अब्बा. लय घान वास येऊन राहिला."

तिला सगळं आधीच माहीत होतं, हे मला तेव्हा कळलं.

हमीदभाई हसत होते, पण त्यांची नजर आमच्या दोघींवर फिरत राहिली. मग जन्मात न केलेली गोष्ट त्यांनी केली. ढेपेचा कोपरा नखानं खरडला आणि जिभेवर ठेवला.

"रुखसाना, ओढनी काढ," ते म्हणाले. "गूळ हाय."

"चूक माझी झाली," मी उठले. "खरी वडी घरी आहे, आत्ता आणते. तिचा येईल वास."

"नोको वैनी." त्यांनी ढेप हळूच पिशवीत ठेवली. "वास यायच्या आधीच मी हो म्हनलं. माह्या नाकानंही लाच खाल्ली."

मला रडू आवरलं नाही. रुखसाना पुढं होऊन त्यांच्या पायाशी बसली. त्यांनी उठून भिंतीवरचा मोठा झारा काढला आणि तिच्या मांडीवर ठेवला.

वलगावच्या लग्नाला मीही गेले. बायकामाणसानं डेग उतरवायची म्हणून तिथं दोन-चार म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली. हमीदभाई त्यांच्यासमोर खुर्ची टाकून बसले, तशी तोंडं बंद झाली. रुखसानानं एका बोटानं झाकणाची कड उचलली, वाफेवर नाक धरलं आणि म्हणाली, "आलं कच्चं हाय. पाच मिनिटं."

पहिली ताटली तिनं बापाला दिली. त्यांनी घास घेतला आणि कितीतरी वेळ चावत राहिले.

"मीठ बराबर हाय," माझ्याकडे ताटली सरकवत ते म्हणाले. "बाकीचं तुमी सांगा मले, वैनी."