चांदबी झाड झाली नव्हती

वारंगा फाट्यावर एसटी चहापाण्याला थांबली म्हणून खाली उतरलो. टायरच्या दुकानातून एक जाड मिशांचा माणूस हात पुसत पुढं आला. आमच्या कॉलेजचा जुना विद्यार्थी. “सर, दादाराव सरांच्या मातीला चालले ना?” त्यानं विचारलं. मी म्हणालो, “भेटायला चाललोय. आजारी आहे ना तो.” तो माझ्या हातातली मोसंब्यांची पिशवी आपल्याकडं घेत हळूच म्हणाला, “सर, ते पहाटं गेले... तुमाला कोनी कळवलं न्हाई का?” कळवलं असणार. माझा मोबाइल घरीच टेबलावर राहिला होता. पण दादाराव अंथरुणाला खिळल्याचं मला दिवाळीपासून माहीत होतं, आणि नांदेडहून हिंगोली म्हणजे काही काळं पाणी नाही. आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिलो आणि निघालो तो नेमका त्या दिवशी. त्याला आता दीडेक महिना होत आलाय. माणूस गेल्यावर त्याच्याविषयी लिहायला हात कसा लगेच सरसावतो, याचीही लाज वाटते आहे.

हिंगोलीच्या कॉलेजात आम्ही एकाच वर्षी लागलो. तो मराठीला, मी इतिहासाला. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव होतं. मी औंढ्याकडच्या शेतकरी घरातला, तो डोंगरकडा गावाच्या बाजूला असलेल्या एका खेड्यातल्या बौद्ध वस्तीतला. त्या खेड्याचं नाव त्यानं कादंबरीत लिहिलं नाही, मीही इथं लिहीत नाही. स्टाफरूममध्ये तो बोलायला लागला की माणसं पुढचा तास विसरायची. दक्षिण अमेरिकेतल्या कादंबऱ्यांचे इंग्रजी अनुवाद तो शब्दकोश मांडीवर घेऊन वाचायचा. त्या कादंबऱ्यांत मेलेली माणसं जेवायला यायची, पाऊस वर्षानुवर्षं थांबायचा नाही, आणि त्यातच त्या देशांचा सगळा रक्ताळलेला इतिहास असायचा. आपल्याकडंही स्वातंत्र्याची, फाळणीची गोष्ट याच तऱ्हेनं सांगितली जात होती. दादाराव म्हणायचा, “राजाच्या गोष्टीला कागद असतो, सरकारच्या गोष्टीला कागद असतो. आमच्या वस्तीतल्या गोष्टीला काय असतं? आईनं सांगितलेलं. ज्याला कागद नाही त्याला चमत्कार लागतो रे, नाहीतर ऐकतंय कोण?” मला ते पटायचं. आजही त्यातलं निम्मं पटतं.

त्याच्या आईनं सांगितलेली एक गोष्ट होती. आमचा हा मुलूख निजामाच्या राज्यात. देश स्वतंत्र झाल्यावर वर्षभरानं इथं फौज आली, रझाकारांचा जाच संपला, आणि त्यानंतरच्या दिवसांत कितीतरी गावांतून मुसलमानांवर जे गुदरलं ते आमच्याकडं अजून कोणी मोठ्यानं बोलत नाही. दादारावच्या गावात चांदबी नावाची बांगड्या भरणारी बाई होती. विधवा, एकटी. वस्तीतल्या बायांनाही हात धरून बांगड्या भरायची, विटाळ मानायची नाही. फौज आल्यानंतरच्या त्या दिवसांत ती नाहीशी झाली. लहानपणी दादारावनं आईला विचारलं, चांदबी कुठं गेली? आई म्हणाली, “चिंचेवर चढली अन् चिंचच झाली, बाबा.” लेकराला सांगावं तसं तिनं सांगितलं. पुढं आईही वारली. दादारावनं मला विचारलं होतं, “काय म्हणतो तुमचा इतिहास? आहे का त्यात चांदबी?” मी चार पुस्तकं चाळली आणि सांगितलं, नोंद नाही. माझ्याकडं स्कूटर होती. त्या दिवसांतली माणसं अजून गावोगाव ओट्यावर बसलेली होती. त्यांच्यापर्यंत जावं असं मला सुचलंही नाही. दादाराव हसून म्हणाला, “तुझ्यात नाही ना? मग माझ्यात येऊ दे.”

त्याची कादंबरी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आली. तिचं नाव इथं घेत नाही, शेवटी शेवटी त्यालाच ते ऐकवत नसे. तिच्यातलं चांदबीचं प्रकरण गाजलं. माणसं कुऱ्हाडी घेऊन येतात, चांदबी चिंचेवर चढते, तिच्या बोटांना पालवी फुटते, आणि कुऱ्हाडी खाली गळून पडतात. दुसऱ्या दिवशी झाडाला चिंचांऐवजी हिरव्या बांगड्या लागलेल्या असतात, वारा आला की सगळं गाव किणकिणतं... पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. समीक्षकांनी लिहिलं की हे झाड म्हणजे नवा जन्मलेला देश आहे. पुण्यात परिसंवाद झाला. विद्यापीठानं ते प्रकरण बी.ए.च्या पुस्तकात घेतलं. आणि ज्या गावाच्या पाणवठ्यावर त्याच्या आजीला उभं राहू दिलं नव्हतं, त्या गावानं दादारावला बैलगाडीतून मिरवलं. मी होतो त्या सत्काराला. तो रडला होता, आणि मला त्याचा अभिमान वाटला होता.

चिंच खरीच होती, गावाबाहेर ओढ्याकाठी. सत्कारानंतर कोणा बाईनं तिच्या फांदीला बांगडी बांधली. तिच्या सुनेला दिवस गेले. मग दुसरीनं बांधली. दोन-तीन वर्षांत तिथं ‘बांगडीमाय’ झाली. मंगळवारी नारळ फुटू लागले, वर्गणी साठत गेली, आणि पुढं चार-पाच वर्षांनी बुंध्याभोवती सिमेंटचा ओटा आला, त्यावर पांढऱ्या फरशा. दादारावला आधी गंमत वाटली. “बघ इतिहासकारा,” मला म्हणाला, “तुझ्या पुस्तकाला कधी नारळ फोडला का कोणी?”

हिंगोली जिल्हा झाला त्याच सुमारास एका रविवारी मी त्याच्या घरी बसलो असताना वसमतच्या रशीदाबाई आल्या. तिथल्या प्राथमिक शाळेत त्या उर्दू शिकवायच्या. चांदबीच्या सख्ख्या बहिणीची मुलगी. दादारावच्या बायकोनं, निर्मलावहिनींनी, दिलेला चहा त्यांनी शांतपणे संपवला, मग म्हणाल्या, “सर, किताब वाचली मी. मराठी येते मला. अच्छी लिखे तुमी. अम्मीला वाचून दाखवली तर अम्मी खूब रोई. मंग बोलली, झाड नै बनी मेरी आपा. हम लोगां मिट्टी दिये उसको.” चांदबीला चिंचेच्या बुडाशी ओढ्याच्या अंगाला घाईघाईनं पुरलं होतं, तिच्या बहिणीनं आणि मेव्हण्यानं. दरवर्षी शबे-बरातला त्यांच्यातलं कोणी ना कोणी जाऊन फुलं ठेवून यायचं, कोणाला न सांगता. “या साली अम्मीला घेऊन गेले. ऐंशीच्या घरातली बाई, दोन गाड्या बदलून. तर तिथं फरशी. लोक म्हणाले, चप्पल काढा, देवीचं ठाण आहे... अम्मी फरशीवर हात फिरवून राहिली, किधर है, किधर है म्हणत. सर, आमची कबर कुठं गेली?”

“मला ठाऊक नव्हतं, ताई,” दादाराव म्हणाला.

“पुछे भी तो नै ना सर तुमी,” रशीदाबाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही. ते ‘तुमी’ एकट्या दादारावला नव्हतं असं मला वाटलं. मीही तिथंच बसलो होतो.

पुढच्याच आठवड्यात आम्ही दोघं माझ्या स्कूटरवर गावात गेलो. लोकांनी शाल काढली. दादारावनं ती घेतली नाही. चिंचेखाली माणसं जमली तेव्हा त्यानं हात जोडून सांगितलं, चांदबी देवी नाही, ती माणूस होती, तिला इथं मारलंय, इथं तिची कबर आहे. झाडाचं मी माझ्या मनानं रचलं. लोक प्रेमानं ऐकत होते. एक म्हातारी म्हणाली, “असं नका बोलू बाप्पा, तुमच्याच तोंडून मायनं लिवून घेतलं.” कोणी त्याच्या पायाला हात लावला. तो चिडला, ओरडला, तरी माना डोलतच राहिल्या. मग नामदेवअप्पा म्हणून गावातले एक मानाचे गृहस्थ आम्हाला बाजूला घेऊन गेले. वय साठीचं, बोलणं सावकाश. “सर, राग नका धरू, एक सांगतो. त्या दिवसांत मारनारांत आमच्या बापाचं नाव होतं. सगळ्यांला ठाव हाय. बापानं मरंपर्यंत ह्या चिंचेकडं तोंड केलं न्हाई. घराचं दार बुजवून दुसरीकडं पाडलं, का तर उठल्या उठल्या झाड दिसाया नगं. आमी लेकरं त्या घरात कशी वाढलो आमालाच ठाव. मंग तुमचं पुस्तक आलं. ती झाड झाली म्हनल्यावर मारलं कोनी? कोनीच न्हाई. आमचे बाप सुटले सर, गाव मोकळं झालं. आता तुमीच काहून परत बांधून राहिले आमाला?”

नामदेवअप्पा खोटं बोलत नव्हते, आणि दुष्टही नव्हते. परतताना कयाधू नदीच्या पुलावर दादारावनं मला स्कूटर थांबवायला लावली. तो कठड्याला धरून उभा राहिला. “मी तिला वाचवत होतो रे,” तो म्हणाला. “आईनं सांगितलं त्यात तिला मरू द्यायचं नव्हतं मला. तिला वाचवायला गेलो आणि मारणारे वाचले.” मी म्हणालो, कादंबरी ती कादंबरी असते, लोकांनी तिचं काय करावं हे लेखकाच्या हातात नसतं. हे वाक्य मी कुठंतरी वाचलेलं होतं. त्यानं माझ्याकडं असं पाहिलं की पुढं कित्येक वर्षं मी हा विषय त्याच्यापुढं काढला नाही.

तो वसमतला गेला तेव्हा रशीदाबाईंची आई वारली होती. त्यानं माफी मागितली. रशीदाबाई म्हणाल्या, “माफी मी कैसी देऊ, सर? जिची आहे तिला तुमी झाड करून ठेवली. झाड बोलत नै.” हे त्यानं मला एकदाच सांगितलं, तोंड फिरवून. प्रकाशकाला त्यानं नवी आवृत्ती काढू दिली नाही. पण अभ्यासक्रम त्याच्या हातात नव्हता. दरवर्षी त्यालाच ते प्रकरण शिकवावं लागे. तो आधी जसंच्या तसं शिकवायचा, मग पुस्तक मिटून खरं सांगायचा. पोरं खऱ्याचं काय करणार? परीक्षेला प्रश्न यायचा झाडाच्या प्रतीकावर. पेपर तपासताना एकदा त्यानं गठ्ठा माझ्यापुढं सरकवला. पानामागून पान, चांदबी म्हणजे भारतमाता, चांदबी म्हणजे स्वातंत्र्य, चांदबी म्हणजे निसर्ग. “एकानंही लिहिलं नाही की चांदबी म्हणजे बाई,” तो म्हणाला, आणि मुकाट्यानं सगळ्यांना गुण देत गेला.

एक गोष्ट मात्र झाली. काही वर्षांनी ओट्याच्या फरशा बदलल्या, तेव्हा ओढ्याच्या अंगाची एक पट्टी गवंड्यानं उघडी मातीची ठेवली. नामदेवअप्पांनीच सांगितलं म्हणे. का, ते कोणाला बोलले नाहीत. रशीदाबाई येऊन फुलं ठेवून गेल्या. कोणी अडवलं नाही, जवळही कोणी आलं नाही. दादारावला कळलं तेव्हा मी म्हणालो, चल, जाऊन येऊ. “मला तिथं तोंड नाही,” तो म्हणाला. कादंबरीनंतर त्यानं काही लिहिलं नाही. भेटलो की मी विचारायचो, नवीन काय? तो हसायचा. मला वाटायचं, अपराधानं त्याचं लिहिणं आटलं. तो समोर बसला की मलाही माझ्या त्या ‘नोंद नाही’ची आठवण व्हायची, म्हणून मी त्याच्याकडं जाणं कमी केलं. मग निवृत्त होऊन नांदेडला गेलो. सोयच झाली.

गेल्या रविवारी वहिनींना भेटायला गेलो. त्या स्वयंपाकघरात पीठ मळत होत्या. चुलीशेजारी तेलाचा एक रिकामा डबा पालथा घातलेला होता, त्यावर घडी केलेलं पोतं. “बसा न भाऊजी, तितं तेच बसायचे,” वहिनी म्हणाल्या. मला बसवेना. मी खालीच बसलो. “रोज?” मी विचारलं. “रोज सांजच्याला. मी भाकरी करायची, ते चांदबीचं सांगायचे, रशीदाबाईंकडून कळलं तसं.” मी म्हणालो, लिहीत का नव्हता? “लिवलं का ते चांगलं होतंय, म्हनायचे. हातच तसा पडला होता न त्यांचा. कागदावर घेतलं का बांगड्या वाजाया लागतात म्हने. म्हनून मला तोंडी सांगायचे अन् म्हनायचे, निर्मला, कुठं सुंदर वाटलं का ते सांग. मी सांगायची. एकदा म्हनले, तिचे डोळे चांदणीवानी. मी म्हनलं, हे बघा, आलं पुन्ना. तेवढं काढून टाकायचे अन् पहिल्यापासून सांगायचे.” किती वर्षं चाललं होतं हे, मी विचारलं. “आठवत न्हाई. अंथरुनाला लागले तवा मी त्यांना सांगायची, ते ऐकायचे. चुकलं का मान हलवायचे.”

मग मी न विचारताच, परातीतून नजर न काढता, त्यांनी सांगायला सुरुवात केली. दादारावनं घोटून घेतलेली वाक्यं, त्यांच्या आवाजात. “तिचं नाव चांदबी. ती बांगड्या भरायची. तिचा दीर रझाकारांत होता. तो आदीच पळाला होता. सकाळच्याला मानसं आली. काही बाहेरची होती, काही गावची. गावच्यांच्या बायकांला तिनं बांगड्या भरल्या होत्या. तिनं त्यांना नावानं हाका मारल्या. ते थांबले न्हाईत. ती चिंचंपर्यंत पळाली. झाडावर चढाया गेली. तिला चढता आलं न्हाई. तितंच मारली.”

वहिनी थांबल्या. तवा तापला होता. त्यांनी भाकरी टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला. “हितं ते थांबायचे,” त्या म्हणाल्या. “पुढं काही जोडायचं न्हाई म्हनायचे.”

“वहिनी,” मी म्हणालो, “पुन्हा एकदा सांगा.”