एका कागदाला एकच टॅग

आम्ही पुण्याजवळ सूसला राहायला आलो तेव्हा बिल्डरने सोसायटीची सगळी कागदपत्रं सहा खोक्यांत कोंबून आमच्या ताब्यात दिली. नकाशे, मंजुऱ्या, लिफ्टची पत्रं, पाण्याचे अर्ज, सगळं एकमेकांच्या अंगावर. मला मानद सचिव केलं होतं. तीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात काढलेल्या बाईला अशी खोकी दाखवणं म्हणजे तुम्हाला आंब्याची पेटी दाखवण्यासारखंच आहे.

दोन हजार सातच्या सुमारास समितीने स्कॅनर घेतला. वरच्या मजल्यावर नांदेडचा एक इंजिनिअर राहायचा, हिंजवडीला नोकरीला होता. त्याने सोसायटीच्या ऑफिसातल्या संगणकावर एक सॉफ्टवेअर घातलं. तुम्हाला आज यात काही नवल वाटणार नाही, पण तेव्हा मला ते फार आवडलं. स्कॅन केलेल्या प्रत्येक कागदाला शब्दांची चिठ्ठी लावायची, तिला टॅग म्हणायचं. मग 'लिफ्ट' असं टाइप केलं की लिफ्टचे सगळे कागद समोर. जिन्यातून वायर नेऊन त्याने समितीच्या इतर सभासदांची घरंही जोडली, म्हणजे एकाने लावलेला टॅग सगळ्यांना दिसे.

तीस दिवस ते फुकट चाललं. एकतिसाव्या दिवशी टॅग लावायला गेले तर पडद्यावर लायसन्स मागणारी चौकट आली.

"काकू, काळजी करू नका," इंजिनिअर म्हणाला, "क्रॅक मिळतो. उद्या पेन ड्राइव्हवर आणतो."

"म्हणजे चोरीचं?"

"चोरीचं नाही हो. सगळेच वापरतात."

"सोसायटीची कागदपत्रं सांभाळायला कपाट हवंय, आणि कपाटच पळवून आणायचं? लायसन्स घ्यायचं."

समितीने घेतलं. पाच जणांच्या नावाचं होतं. त्याबरोबर आलेला अकरा पानांचा इंग्रजी करार मी जेवणाच्या टेबलावर पेन्सिल घेऊन पूर्ण वाचला. इंजिनिअर म्हणाला, "काकू, हे वाचणाऱ्या जगात तुम्ही पहिल्याच." मी म्हटलं, "मग लिहिणाऱ्याला बरं वाटेल."

टॅगची यादी मी केली. अठरा शब्द, त्याबाहेर कोणी जायचं नाही. आणि नियम घातला: एका कागदाला एकच टॅग.

"अहो काकू, एकाला चार लावता येतात, यातच तर सगळी गंमत आहे," इंजिनिअर वैतागून म्हणाला.

"पुस्तकाला जागा एकच असते. चार जागी ठेवलेली वस्तू कुठेच नसते."

"पण हे पुस्तक नाही ना!"

मी ऐकलं नाही. दोन महिन्यांत सहाही खोकी रिकामी झाली आणि मी स्वतःवर फार खूश होते.

त्याच हिवाळ्यात पार्किंगमधून दोनदा पेट्रोल चोरीला गेलं. आमचे अध्यक्ष सोलापूरचे, विमा कंपनीत साहेब होते. त्यांनी मागचं फाटक काढून तिथे भिंत घालायचं ठरवलं. त्या फाटकातून रोज एकच बाई ये-जा करायची. सोसायटीची जमीन मूळ तिच्या घरची, मागे एक पट्टी तेवढी राहिली होती. तिथे ती भात आणि म्हशींसाठी घास करायची. फाटक बंद झालं तर डोक्यावर भारा घेऊन तिला ओढ्याकडून अर्ध्या तासाचा वळसा पडणार होता. आम्ही सगळे तिला मावशी म्हणायचो, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान असली तरी.

ती ऑफिसात आली आणि उभ्यानेच म्हणाली, "बाई, फाटक बुजवनार म्हनं?"

"सभेत ठरेल, मावशी. रविवारी सभा आहे."

"ठरायचं काय त्यात? वाट आमची हाय. आमच्या मालकांनी बिल्डरकडनं लिवून घेतलीया. जाताना मला सांगून गेले. कागद तुमच्या हापिसात हाय."

मी तिच्यासमोरच शोधलं. 'रस्ता' पाहिला, 'करार' पाहिला, 'जमीन' पाहिला. काहीही नाही.

"असा कागद नाही, मावशी. असता तर मला सापडला असता."

ती पडद्याकडे वळली. मग म्हणाली, "म्हंजे आमचे मालक खोटं बोलले व्हय?" आणि निघून गेली.

त्या बाईचा नवरा जाऊन वर्ष झालं होतं. मी संगणकाच्या भरवशावर त्याला खोटं ठरवलं होतं. घरी गेले, जेवण झालं, पण ते वाक्य काही जाईना. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सरळ तिच्या गोठ्यावर गेले आणि विचारलं, "मालकांनी हे कधी लिहून घेतलं? तेव्हा काय चाललं होतं?"

"डीपी बसवली तवा," ती शेण भरता भरता म्हणाली. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "आमच्या रानात बसवली न्हवं का तुमच्या लाइटीची डीपी!"

मी तशीच परत आले आणि 'वीज' टॅग उघडला. बाविसावा कागद, इंग्रजीत. मथळा: ट्रान्सफॉर्मरसाठी जागा देण्यास संमती. पहिला परिच्छेद विजेचा. दुसऱ्यात लिहिलं होतं की या जागेच्या बदल्यात मागच्या फाटकातून शेतमालकांना आणि त्यांच्या वारसांना कायम वाट राहील. खाली बिल्डरची सही आणि मावशीच्या मालकांचा अंगठा. टॅग मीच लावलेला होता, मथळा वाचून.

इंजिनिअरला बोलावून दाखवलं. तो वाचून हसू दाबत म्हणाला, "काकू, याला दुसरा टॅग लावू का? परवानगी असली तर."

"चार लाव," मी म्हटलं.

रविवारच्या सभेत माझ्याकडून काय चुकलं ते मी आधी सांगितलं आणि मग पत्र वाचून दाखवलं.

अध्यक्ष म्हणाले, "हे बिल्डरने दिलेलं आहे, मॅडम. आपण थोडंच दिलंय?"

"डीपी कोणाच्या रानात आहे? आपल्या लिफ्ट कशावर चालतात?"

"मग फाटकाला कुलूप लावू. किल्ली वॉचमनकडे राहील, त्यांनी मागून घ्यावी."

दाराशी उभी असलेली मावशी तिथूनच बोलली, "सायेब, सोताच्या घरी जाताना तुमी कुनाकडं किल्ली मागता का?"

कोणीतरी मागे हसलं. हात वर झाले, आणि फाटक होतं तसंच उघडं राहिलं. पेट्रोलसाठी पार्किंगमध्ये दिवे बसवायचं ठरलं.

पण माझं तेवढ्याने समाधान झालं नाही. तो कागद पुन्हा कोणा सचिवाच्या हुशारीत दडू नये असं मला वाटत होतं. लायसन्सवरच्या आमच्या पाच नावांतलं एक मोकळं होतं, एक सभासद बदली होऊन गेले होते. ते मावशीच्या सुनेला द्यावं असं मी सुचवलं. सून बारावी झालेली होती आणि पिरंगुटच्या एका कारखान्याच्या ऑफिसात संगणकावर बसायची.

"बाहेरच्या माणसाला लायसन्स चालतं का?" अध्यक्षांनी विचारलं.

त्यांना वाटलं, इथे मी अडकले. मी करारातलं सातवं पान काढलं. सोसायटी ज्याला लेखी अधिकार देईल तो वापरू शकतो, एका वेळी पाचच जण, बस. तो सभासद असावा असं कुठेही नव्हतं. आणि तिला फक्त तिच्या वाटेचे, विजेचे कागद दिसावेत अशी सोय इंजिनिअरने पाच मिनिटांत करून दिली.

सुट्टीच्या दिवशी सून सासूला घेऊन ऑफिसात आली. पत्र उघडलं आणि पडद्याला बोट लावत एकेक वाक्य मराठीत सांगू लागली. "आत्या, हितं लिवलंय, वारसांनाबी. म्हंजे आमालाबी."

"आन अंगठा?"

"ह्यो बघा. मामांचा."

मावशी खुर्चीवरून पुढे वाकली. पदराने हात पुसले, पण पडद्याला लावले नाहीत. बराच वेळ तो काळा ठसा बघितला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बरुबर. असंच म्हनले हुते."

एवढं बोलून ती उठली, दाराशी टेकवलेला विळा घेतला आणि ऊन चढायच्या आत घास कापायला मागच्या फाटकाने निघून गेली.