झाकणासकट धुतलेले डबे

टेम्पो शाळेच्या गेटवर उभा होता आणि प्लॅस्टिक गोळा करायचा आमचा पिंजरा अर्धा रिकामा होता. आदल्या दिवशी दुपारी तो गच्च भरलेला मी स्वतः पाहिला होता. फोटोही काढून ऑफिसच्या ग्रुपवर टाकला होता. त्यावर आमच्या साहेबांनी, नाईक सरांनी, लाइकचा अंगठा टाकला होता.

"मॅडम, इतने के लिए मरोळ से बुलाया मुझे?" टेम्पोवाले सलीमभाई म्हणाले. "ये तो स्कूटर पे जाता."

मी होतं तेवढं पोत्यात भरून दिलं.

आमची कंपनी सुका कचरा घेऊन त्यातल्या प्लॅस्टिकचा दाणा करते. दाणा म्हणजे प्लॅस्टिक वितळवून केलेले बारीक मणी. त्यातून पुन्हा बादल्या, पाइप वगैरे होतात. शाळांमधून कचरा गोळा करायचं काम माझ्याकडे होतं. मुलांनी घरून धुतलेलं प्लॅस्टिक आणायचं, जाळीच्या पिंजऱ्यात टाकायचं, पंधरवड्याला टेम्पो येऊन नेणार. विक्रोळीची ही मराठी शाळा माझी पहिली. ती जमली तर मी कायम होणार होते. नाही जमली तर पिंजरा उचलून दुसऱ्या शाळेत जाणार होता, आणि मी बहुधा परत गावी, मेहकरला.

मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. नोकरी लागल्यावर वडिलांनी माझं व्हिजिटिंग कार्ड गावातल्या किराणा दुकानाच्या काचेवर आतून चिकटवून घेतलं होतं. दुकानदाराने त्यासाठी एका बिस्किटाची जाहिरात काढली होती. ते कार्ड कुणी तिथून खरवडून काढावं, असं मला वाटत नव्हतं.

पहिला संशय भंगारवाल्यावर गेला. मुख्याध्यापिका कदम मॅडम म्हणाल्या, "आमच्या गेटवर भंगारवाला येत नाही. वॉचमन मलाही आयकार्ड विचारतो." त्यांनी मला एक स्टूल दिलं आणि सकाळची शाळा सुटायच्या वेळी पिंजऱ्यापाशी बसायला सांगितलं. सकाळची मुलं बाहेर येतात, दुपारची आत जातात, आणि मधल्या वेळात पालकांची जत्रा भरते.

मी बसले. मुलं येत होती, पिशव्या रिकाम्या करत होती. श्रीखंडाचे डबे, आईस्क्रीमचे डबे, बरण्या. सगळं लख्ख. मला भरून आलं. पालकसभेत मी तळमळीने सांगितलं होतं की खरकटं प्लॅस्टिक रिजेक्ट होतं, म्हणजे मशीनला चालत नाही, परत फेकावं लागतं. म्हणून धुऊन, पुसून, वाळवून आणा. लोकांनी ते मनावर घेतलं होतं. काही डब्यांना तर साबणाचा वास येत होता.

मग एक आजी पुढे आल्या. नातवाला न्यायला आलेल्या परब आजी. त्यांनी पिंजऱ्यात हात घातला, एक डबा काढला, उजेडात धरला, झाकण लावून पाहिलं.

"गो बाय, ह्यो डबो कचऱ्यात कोणी टाकल्यान?"

"आजी, तो रीसायकलिंगला जाणार आहे. तो वितळवून नवीन वस्तू होते."

"नवीन काय होता?"

"म्हणजे... डबासुद्धा होऊ शकतो."

आजींनी हातातला डबा माझ्यासमोर धरला. "मगे ह्यो काय आसा?"

डबा त्यांच्या पिशवीत गेला. त्यांच्या मागे उभी असलेली एक आई म्हणाली, "आजी, तो निळा बघा ना जरा, मसाल्याला पाहिजे मला." तिच्यामागे आणखी चार जणी होत्या. लाइनच होती.

चोर सापडला, पण तक्रार कुणाची करणार? चूक माझ्या सूचनेतच होती. खरकटा डबा कचरा असतो. तोच धुतला, पुसला आणि झाकण लावलं की तो भांडं होतो. मी आठ दिवस घसा फोडून कचऱ्याची भांडी करून घेतली होती. आता ती कुणी नेली, तर ओरडायला मला जागा नव्हती.

नाईक सरांना फोन केला.

"मग पिंजऱ्याला कुलूप लाव ना."

"सर, कुलूप लावलं तर मुलं आत टाकणार कशी?"

"अगं, मग असं काहीतरी कर की डबे कुणाच्या कामाचेच राहणार नाहीत. इंजिनियर लागतो का त्याला?"

मला एकदम सुचलं. ऑफिसातून ड्रिल मशीन आणलं आणि येईल त्या डब्याच्या बुडाला भोक पाडायला बसले. दाणा करायला भोकाने काहीच फरक पडत नाही. मला कल्पना फारच पसंत पडली होती.

दुसऱ्याच दिवशी सात-आठ मुलांच्या आया कदम मॅडमच्या केबिनमध्ये शिरल्या. पुढच्या बाईच्या हातात भोक पडलेला आईस्क्रीमचा डबा होता.

"मॅडम, हे बघा. चांगल्या डब्याची वाट लावली. ही शिकवण देता का पोरांना?"

"माझी मुलगी रडली घरी येऊन," दुसरी म्हणाली. "म्हणते, मशीनवाल्या ताईंनी डबा मारला."

कदम मॅडमनी मला बोलावलं. "भोकं कशाला पाडताय?"

"कुणी नेऊ नयेत म्हणून."

"बरं. निदान मुलांसमोर नका पाडू."

मी मग मुलं वर्गात गेल्यावर पाडायला लागले. दोन दिवस पिंजरा भरत गेला. तिसऱ्या दिवशी पुन्हा बूड दिसायला लागलं. मी स्टूल घेऊन बसले. परब आजी भोकाचे चार डबे एकात एक घालून निघाल्या होत्या.

"आजी, त्याला भोक आहे हो."

"तर काय! कोथमीर लावूक. पाणी रवाचा नाय. भोक बरा पाडलंस गो, मदोमद." मग जरा जवळ येऊन म्हणाल्या, "मोठ्या डब्यांक तीन पाड. एक पुरणा नाय."

त्या दिवशी शाळेत चौकशी केली. सहावीच्या बाईंनी अख्ख्या वर्गाला मेथी लावायचा प्रोजेक्ट दिला होता. कुंड्या कुठून आणायच्या, हेही सांगून टाकलं होतं. तिसऱ्या मजल्याची गॅलरी माझ्या मालाने भरली होती आणि त्यात मेथी उगवत होती.

मी मरोळच्या ऑफिसात गेले आणि सरांसमोर उभी राहिले. "सर, आपण डबे सोडून देऊ या."

"डबे सोडून? अगं, वजन डब्यांचंच असतं." आमच्या धंद्यात जाड प्लॅस्टिकला कडक माल म्हणतात आणि पातळ पिशव्यांना पन्नी. कडक माल जड, पन्नी हलकी. सरांचं टार्गेट वजनावर होतं. "तुला कचरा गोळा करायला ठेवलंय की भांडी वाटायला?"

"सर, ते डबे लोक वापरतात. कचऱ्यात जातच नाहीत. आपण त्यांच्या घरातून भांडी मागतोय."

सर खुर्चीत मागे टेकले. "मग त्यांच्याकडे कचरा कुठला आहे ते शोध. पुढच्या पिकअपला मी स्वतः येतो. तेव्हा पिंजरा भरलेला नसेल, तर तो टेम्पोत चढेल. आणि तुझं काय ते मग बघू."

शनिवारी पालकसभा होती. यावेळी मी पोस्टर नेलं नाही. सरळ विचारलं, "घरात असं काय आहे, जे धुऊन पुसून ठेवलं तरी ठेवून घ्यावंसं वाटत नाही?"

मागून एक आई म्हणाली, "नवऱ्याचे मोजे."

हशा झाला. नवराही तिथेच बसला होता, तोही हसला, पण पाय बाकाखाली घेतले.

"दुधाची पिशवी," दुसरी म्हणाली.

"ती तर मी ठेवते बाई. मटार भरते फ्रीजरात."

"रोज दोन येतात. सगळ्यांत मटारच भरतेस का गं?"

"नाही ना. मग सासूबाई फेकतात."

"धुऊन की तशीच?" मी विचारलं.

"धुऊनच. धुतलेलं पाणी चहात टाकतो ना आपण."

"तरीच," मोजेवाले गृहस्थ म्हणाले. "मला वाटायचं दूध महाग झालंय म्हणून चहा पातळ."

वाळवायचा प्रश्न निघाला. दोरीवर घातली तर खालच्या मजल्यावरचे भांडतात. त्यावर चार-पाच जणी एकदम बोलल्या, की ओट्यामागच्या टाइल्सवर ओली पिशवी थापायची. चिकटते. वाळली की आपोआप पडते. मी फक्त एकच गोष्ट सांगितली: पिशवी फोडताना कोपरा तोडून टाकायचा नाही, लटकता ठेवायचा. तो एवढासा तिकोनी तुकडा गटारात जातो आणि कुणाच्याच हाती लागत नाही.

डब्यांसाठी कदम मॅडमनी केबिनबाहेर एक जुना बाक मांडला. नको असलेला डबा ठेवायचा, हवा असलेला न्यायचा. त्यावर माझा हक्क नाही, हे मी जाहीर केलं. ड्रिल मशीन ऑफिसला परत केलं. परब आजींना ते आवडलं नाही.

पिकअपच्या दिवशी पिंजरा छतापर्यंत भरला होता. सगळ्या दुधाच्या पिशव्या. त्यांच्याकडे बघून कुणालाही दुसरा काही उपयोग सुचला नव्हता. नाईक सर आले, लांबून बघून खूश झाले. मग पिशव्या पोत्यांत भरून झाल्यावर सलीमभाईंनी एक पोतं एका हाताने उचललं.

"साहब, इसमें तो हवा है."

काट्यावर वजन टार्गेटच्या निम्मंही भरलं नाही. कदम मॅडम पायरीवर हाताची घडी घालून उभ्या होत्या.

सरांनी पोत्यात हात घातला, एक पिशवी काढली, तोंड उघडून नाकाशी नेली. दुधाची पिशवी नीट धुतलेली नसली तर वास लपत नाही. त्यांनी दुसरी काढली. मग तळातून तिसरी.

"कोपरे पण आहेत," ते म्हणाले. "सलीम, यात रिजेक्ट किती निघेल?"

"कुछ नहीं निकलेगा. धोने की भी जरूरत नहीं. सीधा मशीन में."

"साहेब," कदम मॅडम म्हणाल्या, "पिंजरा नेणार असाल तर तसं तुम्ही पालकांना सांगा. मी नाही सांगणार. भोकांच्या वेळी मी एकदा ऐकून घेतलंय."

सरांनी पालकांकडे पाहिलं. शाळा सुटायची वेळ झाली होती, गर्दी जमली होती, आणि पुढेच परब आजी होत्या. पिंजरा राहिला.

मला मात्र सरांनी बाजूला घेतलं. "वजन झालेलं नाही. त्यामुळे आत्ता कायम करता येणार नाही. प्रोबेशन एक सत्र वाढवतो."

"हो सर."

"आणि घाटकोपर, मुलुंडच्या शाळा घे. तिथे डबे मागू नकोस."

एका शाळेत अपयश आलं म्हणून आणखी दोन मिळाल्या, हे गणित मला तेव्हा कळलं नाही. पण मी आभार मानले. तिन्ही शाळांत पिशव्याच मागितल्या, आणि पुढच्या सत्राच्या शेवटी कायम झाले. ऑफिसने पेढे मागवले. खाऊन झाल्यावर मी रिकामा बॉक्स उचलायला गेले. चांगला जाड प्लॅस्टिकचा होता, झाकणाचा. तोपर्यंत तो पुसून नाईक सरांच्या बॅगेत गेला होता.

टार्गेटमध्ये मी तो धरलाच नव्हता.